प्रीती आणि अप्रीती : १८९७ या एका सालाची गोष्ट

१/
इंग्लंडच्या इतिहासात १८९७ या सालापुढे एक नोंद ठळकपणे केलेली असते : राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव. महाराष्ट्राच्या इतिहासात त्याच सालापुढे दुष्काळ, प्लेग, रँडवरील हल्ला आणि टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला या नोंदी येतात. या दोन याद्या बहुधा वेगवेगळ्या पुस्तकांत छापल्या जातात. या धाग्यात त्या शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. आणि त्यांच्याकडे पाहण्याची जागा लंडन किंवा पुणे नसून वऱ्हाडातील मानोरा आहे.

२/
मानोराच का? साम्राज्याच्या राजधानीत वर्षाचा जमाखर्च एका रीतीने मांडला जातो, प्रांताच्या राजधानीत दुसऱ्या रीतीने. जिथे मिरवणूक पोहोचत नाही, पण कायदा, भाव आणि रोगाची वार्ता पोहोचते, अशा गावाहून पाहिले म्हणजे वर्षातील कोणत्या घटना टिकल्या आणि कोणत्या विझल्या हे अधिक स्पष्ट दिसते. मानोरा आज वाशिम जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी याच तालुक्यात येते.

३/
१८९७ साली वाशिम हा वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांपैकी एक होता. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव ‘बासिम’ असे लिहिले जाई. १९०५ साली हा जिल्हा मोडण्यात आला आणि त्याचा मोठा भाग अकोला जिल्ह्यात गेला. आजचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. म्हणजे १८९७ हे जुन्या वाशिम जिल्ह्याच्या अखेरच्या दशकातील एक साल होय.

४/
त्या काळी वऱ्हाडची राज्यव्यवस्था मोठी विलक्षण होती. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला. कारण होते हैदराबादच्या इंग्रजी फौजेचा थकलेला खर्च. कारभार इंग्रजांचा, कमिशनर अमरावतीला, त्याच्यावर हैदराबादचा रेसिडेंट. पण सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचेच. पुढे १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. तोवर येथील शेतकरी सारा एका सत्तेला भरत होता आणि प्रजा दुसऱ्या सत्तेची म्हणवला जात होता.

५/
मुलूख कापसाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे लक्ष वळले. त्याच सुमारास मुंबई-नागपूर लोहमार्ग वऱ्हाडातून गेला. मानोऱ्याला मात्र आगगाडी नव्हती. उत्तरेला कारंजा, त्याच्याही पुढे मूर्तिजापूर, असा बैलगाडीचा रस्ता धरल्यावर रूळ दिसत. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेणारी बंजाऱ्यांची लदेणी या रुळांनीच मोडीत काढली होती.

६/
सालाची सुरुवात उपासमारीने झाली. १८९६ च्या उत्तरार्धात पावसाने दगा दिला आणि उत्तर हिंदुस्थान, मध्य प्रांत, मुंबई इलाख्याचा दख्खनी भाग येथे दुष्काळ पडला. वऱ्हाडच्या पूर्वेकडील मध्य प्रांताला त्याची झळ फार तीव्र बसली. वऱ्हाडात तुलनेने टंचाई होती. पण आगगाडीमुळे धान्याचा भाव आता एका गावाचा उरला नव्हता. दूरच्या जिल्ह्यात पीक बुडाले की येथील ज्वारीही महागे. धान्य होते, पण ते विकत घेण्याइतके पैसे मजुराजवळ नव्हते.

७/
दुष्काळात सरकारने काय करावे याचे नियम सरकारनेच केलेले होते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर दुष्काळसंहिता तयार झाली होती : कामे काढावीत, मजुरी द्यावी, सारा तहकूब करावा. पुण्याच्या सार्वजनिक सभेने आणि टिळकांच्या ‘केसरी’ने एक साधीच गोष्ट केली. संहितेत काय लिहिले आहे ते मराठीत शेतकऱ्याला सांगितले. सरकारी नियम रयतेला वाचून दाखवणे हेच सरकारला आव्हान वाटू लागले. १८९७ साली सार्वजनिक सभेची सरकारदरबारची मान्यता काढून घेण्यात आली.

८/
दुसरे संकट मुंबई बंदरातून आले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील एका रुग्णाला गाठीचा प्लेग झाल्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. शहर भराभर रिकामे होऊ लागले आणि माणसांबरोबर रोगही लोहमार्गाने देशावर सरकला. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिचा प्रयोग झाला.

९/
४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा मंजूर झाला. कायदा अवघ्या काही कलमांचा, पण त्याने दिलेला अधिकार अफाट होता. साथ रोखण्यासाठी आवश्यक वाटतील ते नियम सरकारने करावेत, प्रवाशांची तपासणी करावी, संशयितांना वेगळे ठेवावे. आणि कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालू नये. या शेवटच्या तरतुदीचा अर्थ पुण्याला पुढच्याच महिन्यात समजला.

१०/
साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड यांची फेब्रुवारीत पुण्याच्या प्लेग समितीवर नेमणूक झाली. १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले यांचे प्लेगने निधन झाले. मुंढव्याच्या वस्तीतील पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले होते. तो मुलगा वाचला, त्या गेल्या. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, १३ मार्चला, पुण्यात गोऱ्या सैनिकांची घरझडती सुरू झाली. रुग्णापर्यंत पोहोचण्याच्या दोन रीती एका शहराने एकाच आठवड्यात पाहिल्या.

११/
झडती १९ मेपर्यंत चालली. सैनिक घरात शिरत, देवघर आणि माजघर तपासत, स्त्रीपुरुषांना बाहेर काढून काखेत-जांघेत गाठ आहे काय ते पाहत. संशयित रुग्णालयात जाई, घरची माणसे विलगीकरणाच्या छावणीत. सामान जाळले जाई, जमीन खणली जाई, भिंतींना चुना फासला जाई. रोग खरा होता आणि विलगीकरणाची गरजही खरी होती. टिळकांनी स्वतः हिंदू प्लेग रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला होता. लोकांचा संताप झाला तो उपायाच्या हेतूवर नव्हे, तर ज्या रीतीने तो लादला गेला त्या रीतीवर.

१२/
याच वसंतात लंडनमध्ये एक वेगळी चौकशी चालू होती. हिंदुस्थानच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे गोपाळ कृष्ण गोखले, दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि जी. सुब्रह्मण्य अय्यर यांनी साक्षी दिल्या. दादाभाई नौरोजी आयोगाचे सदस्यच होते. लष्कराचा आणि विलायती पगारांचा भार गरीब रयतेवर किती पडतो, हा प्रश्न आकड्यांनिशी मांडला जात होता. गोखले तेव्हा जेमतेम एकतीस वर्षांचे होते.

१३/
पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे गोखल्यांनी तेथील वृत्तपत्राला सैनिकांकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याचे सांगितले. इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. जुलैच्या अखेरीस ते परतले तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी उघडपणे साक्ष देण्यास पुढे येईना. पुरावा देता येत नाही म्हणून गोखल्यांनी जाहीर माफी मागितली आणि ती त्यांना अनेक वर्षे टोचत राहिली. अत्याचार झाले की नाही या प्रश्नाच्या आड दुसरा प्रश्न उभा होता : अब्रूच्या भयाने मुकी झालेली साक्ष कोणत्या दरबारात मोजायची?

१४/
आता लंडनची यादी पाहावी. त्या सालच्या इंग्लंडमध्ये अभिमानाने मिरवण्यासारखे पुष्कळ घडले. ३० एप्रिलला जे. जे. थॉमसन यांनी अणूहून कितीतरी लहान अशा कणांची, म्हणजे पुढे इलेक्ट्रॉन म्हटल्या गेलेल्या कणांची, माहिती जाहीर केली. मे महिन्यात मार्कोनींनी ब्रिस्टलच्या खाडीवरून बिनतारी संदेश पाठवला. त्याच महिन्यात थेम्सखालचा ब्लॅकवॉल बोगदा खुला झाला आणि ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध झाली. मिलिसेंट फॉसेट यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या संस्थांचा संघही याच साली उभा राहिला.

१५/
त्याच यादीत फेब्रुवारीची बेनिनवरची स्वारीही आहे. पश्चिम आफ्रिकेतील ती राजधानी इंग्रज फौजेने जाळली आणि तेथील शेकडो पितळी शिल्पे लुटून युरोपातील संग्रहालयांत पोहोचवली. ती परत करावीत की नाही हा वाद आजही चालू आहे. म्हणजे १८९७ ची विलायती यादी एकरंगी नव्हती. शोध, कला, हक्क आणि लूट ही सारी एकाच पंचांगात नांदत होती.

१६/
२२ जून १८९७, मंगळवार. राज्यारोहणाला साठ वर्षे पूर्ण झाल्याचा सोहळा. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांच्या कल्पनेने तो साम्राज्याचा उत्सव करण्यात आला. वसाहतींचे पंतप्रधान आले, हिंदुस्थानी घोडेस्वारही मिरवणुकीत होते. निघण्यापूर्वी राणीने बकिंगहॅम राजवाड्यातील विजेची कळ दाबली आणि तारायंत्राने तिचा संदेश साम्राज्यभर गेला. आपल्या प्रिय प्रजेचे मनापासून आभार मानणारा, तिच्यासाठी ईश्वराचे आशीर्वाद मागणारा तो दोन ओळींचा संदेश होता.

१७/
राणी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि सांधेदुखीने तिला पायऱ्या चढवत नव्हत्या. म्हणून सेंट पॉल कॅथेड्रलच्या आत न जाता पायऱ्यांपाशी, गाडीत बसल्या-बसल्याच तिच्यासाठी प्रार्थना झाली. मिरवणुकीचे चलच्चित्र काढण्यासाठी कॅमेरे लागले होते. एवढा मोठा राजसोहळा असा टिपला जाण्याचा तो सुरुवातीचा काळ होता. संदेशातील ‘प्रिय प्रजा’ हा शब्द लक्षात ठेवावा. याच सालात तो पुन्हा येणार आहे, पण न्यायालयात आणि उलट्या अर्थाने.

१८/
हीरक महोत्सवाच्या मेजवान्या हिंदुस्थानातही झाल्या. पुण्यात गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये समारंभ होता. मध्यरात्रीच्या सुमारास तेथून परतणाऱ्या रँडवर दामोदर हरी चापेकर यांनी गोळी झाडली. ‘गोंद्या आला रे’ ही इशाऱ्याची हाक होती. मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्टवर बाळकृष्ण चापेकर यांनी गोळी झाडली. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला. लंडनची मिरवणूक संपून तेव्हा काही तासच झाले होते.

१९/
दिवसाची निवड अपघाती नव्हती. महोत्सवामुळे गोरे अधिकारी एका ठिकाणी जमणार, हे हल्लेखोरांना ठाऊक होते. दामोदर चापेकर यांनी पुढे कबुलीत आणखी एक गोष्ट सांगितली : १८९६ साली मुंबईतील राणीच्या पुतळ्याला डांबर फासणारेही तेच होते. राणीची जी प्रतिमा लंडनमध्ये वात्सल्याची मूर्ती म्हणून पूजली जात होती, तीच पुण्यातील एका तरुणाला झडतीच्या मुलखाची धनीण दिसत होती. दामोदर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले; पुढच्या वर्षी बाळकृष्ण, वासुदेव आणि महादेव रानडे यांनाही.

२०/
सरकार हादरले. मारेकऱ्यांच्या माहितीसाठी २०,००० रुपयांचे बक्षीस लागले, पुण्यावर शिक्षा म्हणून जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च शहरावर टाकण्यात आला, आणि नातू बंधूंना कोणत्याही खटल्यावाचून १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली अटकेत ठेवण्यात आले. ‘केसरी’ने जुलैत विचारले की सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, आणि राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे असे बजावले. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली.

२१/
आरोप हत्येचा नव्हता, लेखनाचा होता. जूनमध्ये पुण्यात झालेल्या शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता, असा मजकूर १५ जूनच्या ‘केसरी’त आला होता. भारतीय दंडसंहितेचे १२४ अ हे कलम १८७० साली घातले गेले होते : सरकारविषयी ‘अप्रीती’ निर्माण करणे हा गुन्हा. ८ सप्टेंबरला न्यायमूर्ती आर्थर स्ट्रॅची यांच्यापुढे मुंबई उच्च न्यायालयात खटला सुरू झाला. बचावासाठी कलकत्त्याहून बॅरिस्टर आले. बंगालने पैसा उभा केला.

२२/
खटल्याचा गाभा एका शब्दाच्या अर्थावर होता. स्ट्रॅची यांनी ज्युरीला समजावले की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. द्वेष, वैर, नावड, तिरस्कार असा कोणताही दुर्भाव त्यात येतो. बंडाची चिथावणी दिली असेलच पाहिजे असे नाही. याचा अर्थ असा की सरकारवर प्रेम नसणे हेच गुन्ह्याच्या उंबरठ्यावर जाऊन पोहोचले. जूनमध्ये राणीने प्रजेवर प्रेम व्यक्त केले होते; सप्टेंबरमध्ये प्रजेचे प्रेम कायद्याने वसूल होऊ लागले.

२३/
ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. मराठीतील मजकुराचा निवाडा मुख्यतः इंग्रजी भाषांतरावरून होत होता. १४ सप्टेंबरला सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले आणि त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलपुढे टिळकांच्या वतीने पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले हर्बर्ट ॲस्क्विथ उभे राहिले. तेथेही दाद मिळाली नाही. संस्कृत पंडित मॅक्स म्युलर यांच्यासारख्यांनी दयेसाठी अर्ज केला आणि ६ सप्टेंबर १८९८ रोजी टिळक मुदतीपूर्वी सुटले.

२४/
खटला चालू असतानाच, १२ सप्टेंबरला, वायव्य सरहद्दीवरील सारागढीच्या ठाण्यात एकवीस शीख सैनिक शेवटच्या श्वासापर्यंत लढून पडले. त्याआधी २० ऑगस्टला निजामाच्या मुलखात, सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी दिसले. डिसेंबरमध्ये सिडनीला रणजितसिंहजींनी इंग्लंडकडून खेळताना १७५ धावा काढल्या. या तिन्ही घटना साम्राज्याच्या यादीत गौरवाने गेल्या. तिन्हींतील घाम, रक्त, भूमी किंवा कौशल्य यांपैकी काही ना काही हिंदुस्थानचे होते.

२५/
आणि मग वर्ष वऱ्हाडात आले. डिसेंबरच्या अखेरीस राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीला भरले. मानोऱ्याहून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. अध्यक्ष होते मद्रासचे सी. शंकरन नायर. स्वागताध्यक्ष होते अमरावतीचे वकील आणि टिळकांचे जवळचे सहकारी गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे. कागदोपत्री निजामाच्या असलेल्या, कारभाराने इंग्रजांच्या असलेल्या या मुलखात देशभरचे प्रतिनिधी जमले. तुरुंगात असलेल्या टिळकांची अनुपस्थिती साऱ्या मंडपाला जाणवत होती.

२६/
वसंतात लंडनला साक्ष देऊन आलेले सुरेंद्रनाथ बॅनर्जी अमरावतीत बोलले आणि टिळकांसाठी सारे राष्ट्र अश्रू ढाळीत असल्याचे त्यांनी सांगितले. नातू बंधूंच्या विनाचौकशी अटकेचा आणि राजद्रोहाचे कलम अधिक कडक करण्याच्या बेताचा सभेने निषेध केला. टिळकांच्या राजकारणाशी न पटणारेही या वेळी त्यांच्या पाठीशी उभे होते. एका मराठी संपादकाची शिक्षा हा अखिल हिंदी प्रश्न झाला. ज्या राष्ट्रीय सभेची अधिवेशने तोवर राजनिष्ठेच्या घोषणांनी संपत, तिच्यासमोर ‘निष्ठा म्हणजे काय’ हा प्रश्न आता न्यायालयानेच टाकला होता.

२७/
निषेधाने कायदा थांबला नाही. १८९८ साली १२४ अ सुधारण्यात आले. अप्रीतीत राजनिष्ठेचा अभाव आणि वैराच्या सर्व भावना येतात असा खुलासा त्यात घालण्यात आला, सरकारचा द्वेष किंवा तुच्छता उत्पन्न करणेही गुन्ह्यात आले. १९०८ साली याच कलमाखाली टिळक मंडालेला गेले, १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली. गांधीजींनी न्यायालयात सांगितलेला मुद्दा स्ट्रॅचींच्या व्याख्येलाच लागू पडत होता : प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही.

२८/
मानोरा परिसराच्या नशिबी मात्र याहून कठोर हिशेब होता. १८९७ च्या टंचाईतून सावरण्याआधीच १८९९-१९०० चा दुष्काळ आला आणि त्याने वऱ्हाडलाही सोडले नाही. १९०१ च्या खानेसुमारीत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली; दहा वर्षांत सुमारे ११ टक्क्यांनी घटलेली. हीरक महोत्सवाच्या दशकातील या जिल्ह्याची ही खरी नोंद आहे. ती कोणत्याही महोत्सवी ग्रंथात सापडत नाही. खानेसुमारीच्या तक्त्यात एका ओळीत सापडते.

२९/
१८९७ मधील काय टिकले? मिरवणूक एका दुपारी संपली. राणी २२ जानेवारी १९०१ रोजी गेली. टिकले ते त्या सालाचे दोन कायदे. साथरोगांचा कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत पुन्हा वापरात आला आणि महाराष्ट्रभर गावोगावी त्याच्या आधारे निर्बंध लागू झाले. १२४ अ स्वातंत्र्यानंतरही राहिले. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची व्याप्ती हिंसेला किंवा अव्यवस्थेला चिथावणी देण्यापुरती मर्यादित केली. ११ मे २०२२ रोजी त्याचा वापर स्थगित केला.

३०/
१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्यासोबत ‘अप्रीती’ हा शब्द असलेले ते कलम गेले. त्याच्या जागी देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयीचे कलम १५२ आले. जुन्या कलमाचा भाव नव्यात किती उरला आहे, यावर कायदेपंडितांत वाद आहे. तो वाद समजून घ्यायचा तर १८९७ च्या सप्टेंबरातील ती सुनावणी वाचावी लागते.

३१/
एखाद्या सालाच्या ‘संस्मरणीय घटना’ची यादी हाती आली म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकाने तीन स्तंभ आखावेत. पहिल्यात राजधानीने काय साजरे केले, दुसऱ्यात प्रांताने काय सोसले, तिसऱ्यात आपल्या तालुक्यात त्यातले काय पोहोचले. तिसरा स्तंभ भरण्यासाठी जुने गॅझेटियर, खानेसुमारीचे तक्ते, तहसिलीची दप्तरे आणि वृत्तपत्रांचे जुने अंक हीच साधने आहेत. मानोऱ्याच्या तिसऱ्या स्तंभात १८९७ साली राणीचा जयघोष नाही. ज्वारीचा चढलेला भाव आहे, शंभर किलोमीटरवर भरलेली सभा आहे, आणि सव्वाशे वर्षे पुरून उरलेले दोन कायदे आहेत.